टेकडीचे दहा टक्के

पुण्यातल्या टेकड्यांचा वाद दर काही वर्षांनी नव्याने उगवतो आणि दर वेळी त्याची भाषा आधीपेक्षा समजूतदार झालेली असते. पूर्वी सरळ म्हणायचे, टेकडी म्हणजे पडीक जमीन, बांधू द्या. आता तसं कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, टेकडी वाचवायची असेल तर थोडं बांधकाम होऊ द्या. आकडा कधी चार टक्के असतो, कधी दहा. दहा टक्के जागेवर घरं, उरलेल्या नव्वद टक्क्यांवर मालकाने स्वखर्चाने लावलेली झाडं. आरक्षण टाकून पाहिलं, अतिक्रमणं थांबली नाहीत. महापालिकेकडे जमीन घ्यायला पैसे नाहीत. मालक बिचारा लटकलेला. मग मधला मार्ग काढायला नको का? हे इतक्या शांतपणे मांडलं जातं की नाही म्हणणारा माणूस आपोआप आडमुठा ठरतो.

ठरू दे. मी नाहीच म्हणणार आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगणार आहे.

आधी जमीन कोणती ते पाहू. ‘बीडीपी’ हा शब्द पुण्यात इतका सर्रास वापरला जातो की त्याचा अर्थ विचारायची कुणाला सोय राहिलेली नाही. १९९७ मध्ये भोवतालची ३८ गावं महापालिकेत आली, पुढे काही वगळली जाऊन २३ उरली. बाणेर, बावधन, वारजे, धनकवडी, कात्रज, कोंढवा, महंमदवाडी ही त्यांतली ओळखीची नावं. या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांची सुमारे ९७८ हेक्टर जमीन ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखायची असं ठरलं. बायोडायव्हर्सिटी पार्क, म्हणून बीडीपी. प्रस्ताव मुंबईला गेला आणि तिथे वर्षानुवर्षं पडून राहिला. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम केलं; मालकाला मोबदला म्हणून जमिनीच्या आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, द्यायचं ठरलं. जुन्या हद्दीतल्या वेताळ टेकडीसारख्या टेकड्या ‘हिलटॉप-हिलस्लोप’ नावाच्या वेगळ्या झोनमध्ये येतात. आता या दोन्हींचा पुन्हा विचार करायला सरकारने अभ्यासगट नेमला आहे आणि दहा टक्केवाल्यांना पुन्हा कंठ फुटला आहे.

त्यांचं पहिलं म्हणणं, आरक्षण फसलं. फसायला आधी ते करून पाहावं लागतं. या जमिनीचा फारच थोडा भाग प्रत्यक्ष महापालिकेच्या ताब्यात आला. शाळेसाठी राखलेल्या भूखंडावर महापालिकेने शाळा बांधली नाही, तर गावातल्या पोरांना शिक्षण नको आहे असा निष्कर्ष आपण काढत नाही. टेकडीच्या बाबतीत मात्र काढतो. न घेतलेल्या औषधाचा गुण आला नाही म्हणून वैद्य बदलायला निघालो आहोत.

अतिक्रमणं वाढली, हे खरं आहे. पण ती कशी वाढतात ते या मंडळींना ठाऊक नाही असं मानायला मी तयार नाही. पायथ्याची वा उतारावरची जमीन एखादा एजंट विसार देऊन अडकवतो. जेसीबी लावून मुरमाचा रस्ता काढतो, चुन्याच्या फक्कीने गुंठा-दोन गुंठ्यांचे चौकोन आखतो. तुकडेबंदीमुळे एवढ्या तुकड्याचं खरेदीखत होत नसे, म्हणून नोटरीवर व्यवहार व्हायचे. घेणारे असतात रिक्षावाले, कंपनीतले हेल्पर, गावाकडची जमीन विकून आलेले. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी असा दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला. आरक्षण असल्याचं त्यांना माहीत होतं. एजंटाने त्यांना वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं होतं : टेकड्यांवर बांधकामाला परवानगीचा विचार. “बीडीपी उठणार साहेब, आज घ्याल तर आजच्या भावात.” ते कात्रणच त्याचा सातबारा होता.

म्हणजे प्लॉटिंगवाल्याचं खरं भांडवल ही बातमी आहे. आरक्षण पक्कं आहे आणि उठणार नाही, याची खात्री पटली तर त्या तुकड्याला गवताच्या भावापलीकडे कोण किंमत देईल? पण दर दोन वर्षांनी कुणीतरी मंत्री, कुणीतरी नगरसेवक, कुठली तरी समिती ‘फेरविचार’ हा शब्द उच्चारते आणि गुंठ्याचा भाव चढतो. गुंठेवारीचंच पाहा. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतचे बेकायदा भूखंड नियमित करायची सोय केली, आणि ही एकदाच, असं सांगितलं गेलं. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. आरक्षणातली जमीन त्यात बसते की नाही, हा वकिलांचा विषय. घेणाऱ्याच्या मनात एवढंच पक्कं बसतं की तारीख सरकते. ज्यांनी फेरविचाराची आशा वीस वर्षं तेवत ठेवली, तेच आता अतिक्रमणांकडे बोट दाखवून फेरविचार मागत आहेत.

आता त्या दहा टक्क्यांचा हिशेब करू. ९७८ हेक्टरांचे दहा टक्के म्हणजे जवळपास ९८ हेक्टर, सुमारे २४० एकर. ही २४० एकर बांधकामं एका कोपऱ्यात गोळा होणार नाहीत. प्रत्येक मालकाला त्याच्या त्याच्या तुकड्यावर दहा टक्के मिळणार, म्हणजे देवी आल्यासारखी ती टेकडीच्या सगळ्या अंगावर उमटणार. आणि प्रत्येक घराला रस्ता लागणार. सपाटीवर रस्ता सरळ जातो. टेकडीवर त्याला वळसे घ्यावे लागतात. पन्नास मीटर उंची चढायची आणि चढ एकास दहा ठेवायचा, तर अर्धा किलोमीटर रस्ता झाला. नऊ मीटर रुंदी धरा : साडेचार हजार चौरस मीटर, म्हणजे एकराहून जास्त जमीन नुसती डांबराखाली. वरच्या बाजूला कापलेला कडा, खालच्या बाजूला भरावाची माती, ती धरून ठेवायला भिंत, हे वेगळंच. मग पाण्याची टाकी, पाणी वर चढवायचा पंप, ड्रेनेज, ट्रान्सफॉर्मर, पार्किंग. आणि पोहण्याचा तलाव येणारच, कारण जाहिरातीत तो असतोच. यातलं काहीही ‘बांधकामाचे दहा टक्के’ या रकान्यात धरलं जात नाही. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधायला नियमाने बंदी आहे. म्हणून मग उतार मोजण्यापूर्वीच जेसीबी येऊन तो सौम्य करून ठेवतो, हे कात्रज-आंबेगावच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही विचारा.

टेकडी कापल्यावर काय होतं ते पुण्याने पाहिलेलं आहे. जून २०१३ मध्ये पहिल्याच मोठ्या पावसात कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगरावरून लोंढा आला आणि साताऱ्याच्या महामार्गावर एक आई आणि तिची लहानगी मुलगी वाहून गेली. वर बेकायदा डोंगरफोड झाली होती, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीतून घराघरांत शिरला. पुणे आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसं गेली. मेली ती ओढ्याकाठच्या वस्त्यांतली, आणि ज्या उतारांनी पाणी धरून ठेवायचं सोडलं होतं, ते उतार वरती होते. बीडीपी म्हणजे वर राहणाऱ्यांचा विषय, असं समजणाऱ्यांनी आंबिल ओढ्याचा उगम कुठे आहे ते पाहावं.

हे पाणी धरून ठेवणं म्हणजे काही गूढ नाही. पुण्याखालचा दगड बेसाल्ट, लाव्हाचे थरावर थर. काही थर घट्ट, त्यांतून पाणी जात नाही. काही सच्छिद्र, भेगाळलेले. उतारावरचं गवत पावसाला अडवतं, मुरूम त्याला आत घेतो, भेगांमधून ते खाली उतरतं आणि घट्ट थर लागला की आडवं वाहत कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. बावधनचा झरा असाच. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून बंदिस्त नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं, तेही याच डोंगरांतलं पाणी. शहराचा आजचा भार खडकवासला साखळीतल्या धरणांवर आहे हे मान्य. पण उपनगरांतल्या सोसायट्या मार्चपासून टँकर मोजू लागतात तेव्हा त्यांच्या बोअरला पाणी कुठून यायचं, याचा विचार दहा टक्केवाले करत नाहीत. टेकडीवर घर बांधलं की खालच्याचा झरा आटतो आणि वरच्यालाही पाणी टँकरनेच चढवावं लागतं. एकाच टेकडीपायी दोन गिऱ्हाईकं मिळवून देणारी ही योजना टँकरवाल्यांनी तरी नाकारू नये.

मग ते झाडांवर येतात. म्हणतात, या टेकड्या उघड्याबोडक्या आहेत, आम्ही हिरव्या करून दाखवू. इथे मला शाळेतल्या चित्रकलेच्या वहीची आठवण होते. डोंगर हिरवा नसेल तर मार्क कापायचे. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झाडांच्या. मे महिन्यात त्या करपलेल्या दिसतात, दिसायलाच हव्यात. मोई, सालई, मेडशिंग, गणेर, पळस अशी पानगळीची झाडं. पावसाळा आला की पंधरा दिवसांत फुलून संपून जाणाऱ्या वनस्पती. गवतात घरटी करणारे पक्षी. जैवविविधता उद्यान म्हणतात ते याला. त्यावर गुलमोहर, पाम आणि लॉन लावणं म्हणजे टेकडी हिरवी करणं नव्हे. खरं सांगायचं तर सरकारी वनीकरणानेही टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या रांगा लावून हीच चूक केलेली आहे, तेव्हा दोष एकट्या बिल्डरांना देऊन चालणार नाही.

‘पडीक’ हा शब्द बाकी फार कामाचा आहे. जमीन बळकवण्याआधी तिचं नाव बदलायचं, ही रीत सगळीकडे सारखीच. इंग्लंडमध्ये शहरांभोवती हरित पट्टे राखायचं धोरण १९५५ पासून देशभर चालत आलं. तिथेही घरांची टंचाई आहे, तिथेही सरकारला बांधायचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी नियोजनाच्या धोरणात ‘ग्रे बेल्ट’ हा नवा प्रकार आणला. हरित पट्ट्यातला जो भाग फारसा कामाचा नाही असं ठरेल, तो करडा. तिथल्या घरांच्या अडचणी खऱ्या असतील, त्यांचा निवाडा ते करतील. आपल्याकडे ‘पडीक’ हा शब्द तेच काम आधीपासून फुकटात करतो आहे.

घरांच्या टंचाईचं काय? हा मुद्दा मी झटकणार नाही. मी स्वतः एकेकाळच्या ज्वारीच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतो. शहर वाढू नये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण टेकडीवर कुणाचं घर होईल ते बघा. कडा कापणं, भिंती बांधणं, पाणी चढवणं हे सगळं महाग. दहा टक्क्यांत बांधायचं तर घरं थोडी. महाग जमिनीवर महाग खर्चाने थोडी घरं, म्हणजे बंगले. ‘व्हॅली व्ह्यू’. त्या रिक्षावाल्याला, त्या हेल्परला तिथे एक खोलीही परवडणार नाही. ज्यांना घर हवं आहे त्यांच्या नावाने, ज्यांच्याकडे दोन घरं आधीच आहेत त्यांना तिसरं द्यायचा हा बेत आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमधली सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती. टंचाई आहे ती परवडणाऱ्या घरांची, आणि ती बंगल्यांनी भागत नाही. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत का वसली? शहराने कष्टकऱ्यांना सपाटीवर जागा ठेवली नाही म्हणून. त्यावर उपाय सपाटीवर जागा देणं हा आहे.

आता मालकांची तक्रार. इथे मात्र माझे काही टेकडीप्रेमी मित्र माझ्यावर रागावतील. मालकांवर अन्याय झालेला आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. आठ टक्क्यांनी त्याला ३.२ गुंठ्यांचा टीडीआर मिळतो. त्याच शहरात २०१६ च्या धोरणानुसार दुसऱ्या एखाद्या आरक्षणासाठी जमीन सोडणाऱ्याला विरळ वस्तीच्या भागात दुप्पट टीडीआर आहे, म्हणजे ८० गुंठ्यांचा. पंचवीस पटींचा फरक! एकाची जमीन रस्त्यासाठी गेली आणि दुसऱ्याची टेकडीसाठी, एवढ्याने दुसऱ्याने का बुडावं? आजोबांनी त्या उतारावर नाचणी पिकवली, शेरडं चारली, आणि नातवाच्या हातात आठ टक्के ठेवून आपण सकाळी सहाला बूट चढवून त्याच्या जमिनीवर फिरायला जातो. फिरायला जाणाऱ्यांना उच्चभ्रू म्हणून हिणवतात ते याचमुळे, आणि त्या शब्दाला थोडा तरी आधार आहे. तो काढून टाकायचा असेल तर फिरणाऱ्यांनी मालकांच्या मोबदल्याच्या बाजूने उभं राहायला हवं. आजवर ते फारसं झालेलं नाही.

पण अन्याय मोबदल्यात आहे, म्हणून दुरुस्तीही मोबदल्यात करा. टीडीआरचा उपयोगच हा आहे की हक्क इथला आणि बांधकाम दुसरीकडे : जिथे रस्ता आहे, नळ आहे, मेट्रो आहे तिथे. टेकडीच्या मालकाला दहा टक्के बांधकाम देण्याऐवजी दहापट मोबदला दिला तरी शहर त्यात बुडत नाही. टेकडी गेली तर ती कुठल्याच टीडीआरने परत येत नाही. एवढा टीडीआर एकदम आला तर बाजारात त्याचा भाव पडेल, ही शंका रास्त आहे. मग टप्प्याटप्प्याने द्या, एकेका टेकडीचा संपवा. आणि पिढीजात मालक व आरक्षण माहीत असूनही २०१५ नंतर स्वस्तात घेऊन बसलेला, यांना एका तागडीत तोलू नका. दुसऱ्याने जुगार खेळला आहे. तो हरला तर भरपाई करणं हे महापालिकेचं काम नाही.

शेवटचं आमिष अटींचं. कडक अटी घालू, उल्लंघन केलं तर परवानगी रद्द करू. कोंढवा बुद्रुकचं प्रकरण यावर पुरेसं आहे. तिथली ११.८९ हेक्टर जमीन राखीव वनाची होती. यापेक्षा कडक संरक्षण आपल्या कायद्यात सहसा नाही. १९९८ मध्ये ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली आणि पुढच्याच वर्षी गृहनिर्माण संस्थेला विकायची परवानगीही मिळाली. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा व्यवहार बेकायदा ठरवून जमीन वनखात्याकडे परत द्यायला सांगितलं. सत्ताधारी, अधिकारी आणि बिल्डर यांच्या संगनमतावर न्यायालयाने ताशेरे ओढले. सत्तावीस वर्षं लागली. राखीव वनाला सत्तावीस वर्षं लागत असतील, तर दहा टक्क्यांचे बारा झाले, बाराचे वीस झाले, त्याचा निकाल कोण कधी लावणार? आणि तोपर्यंत तिथे राहायला आलेल्यांना बाहेर काढायला कुठला आयुक्त धजावणार?

घड्याळही टेकडीच्या बाजूने चालत नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ सांगतं की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं. ऑगस्ट २०१५ पासूनची दहा वर्षं ऑगस्ट २०२५ मध्ये भरली. म्हणजे आता कुणी ठराव करायची, भाषण करायची, बदनाम व्हायचीही गरज नाही. महापालिकेने नोटिसा फायलीत ठेवून नुसतं स्वस्थ बसायचं. म्हणून माझी मागणी अभ्यासगटाकडे नाही, महापालिकेकडे आहे. येणाऱ्या प्रत्येक नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, अंदाजपत्रकात बीडीपीच्या भूसंपादनासाठी वेगळी तरतूद करा आणि आठ टक्क्यांचा मोबदला वाढवून मिळावा असा ठराव सरकारला पाठवा. ही तिन्ही कामं झाल्यावर मालकांशी बोलायला मी स्वतः येईन, माझ्यासारखे आणखी शंभर येतील.

आणि वाचकहो, आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत असते एक महिन्याची. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, तिच्यात टेकडीचं नाव नसतं, फक्त सर्व्हे नंबर असतात. आपल्या टेकडीचे सर्व्हे नंबर आजच विकास आराखड्याच्या नकाशावरून उतरवून घ्या आणि भिंतीवर लावून ठेवा.